एका कार्यालयात दोन इंटरनेट जोडण्या: पुण्यातील छोट्या व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेठांमधील दुकाने, कर्वे रस्त्यावरील सल्लागारांची कार्यालये आणि भोसरी एमआयडीसीतील छोटे कारखाने यांची नेटवर्क उभारताना आणि सांभाळताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उपकरण कोणते घ्यावे, याची चौकशी सगळेच करतात. दोन्ही तारा इमारतीत कोठून येतात, हे मात्र फारच थोडे जण पाहतात. माझ्या मते पहिल्या प्रश्नापेक्षा दुसरा कितीतरी अधिक महत्त्वाचा आहे.

छोट्या व्यवसायाला दुसऱ्या जोडणीची खरोखर गरज असते का?

सर्वांनाच नसते. ज्या दुकानात इंटरनेटचा उपयोग केवळ यूपीआयने पैसे घेण्यापुरता आहे, तेथे ग्राहकाच्या फोनला स्वतःचा डेटा असतो आणि रक्कम जमा झाल्याचे सांगणाऱ्या स्पीकरमध्येही बहुधा स्वतंत्र सिमकार्ड असते. अशा ठिकाणी लाईन गेली तर मालकाच्या फोनचा हॉटस्पॉट पुरतो आणि दरमहा दुसरे बिल भरण्याचे कारण उरत नाही.

मात्र माल बाहेर पाठवणाऱ्या कारखान्याची गोष्ट वेगळी आहे. परराज्यात जाणाऱ्या मालाचे मूल्य ५०,००० रुपयांहून अधिक असेल किंवा महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाणाऱ्या मालाचे मूल्य १ लाख रुपयांहून अधिक असेल, तर सर्वसाधारणपणे ई-वे बिलाशिवाय, म्हणजे सरकारी पोर्टलवर काढायच्या माल-वाहतुकीच्या कागदाशिवाय, गाडी फाटकाबाहेर काढता येत नाही. ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर आहे, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यवसायांना द्यायच्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद, हेही बंधनकारक आहे. संध्याकाळी सहाला ट्रक भरून उभा आहे, चालक बिलाची वाट पाहत आहे आणि नेट बंद आहे, असा प्रसंग ज्याने एकदा अनुभवला, त्याला दुसऱ्या जोडणीचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. महिन्याच्या २० तारखेला विवरणपत्रे भरणारी करसल्लागारांची कार्यालये आणि संगणकावरील नोंदींवर चालणारे दवाखाने यांनाही हेच लागू पडते.

शंभर-शंभर एमबीपीएसच्या दोन जोडण्या घेतल्या, तर दोनशेचा वेग मिळेल का?

संपूर्ण कार्यालयाचा एकत्र विचार केला, तर जवळपास मिळेल. एका संगणकावरून एक फाईल उतरवताना मात्र मिळणार नाही. दोन जोडण्यांबाबत सर्वाधिक निराशा याच ठिकाणी होते, म्हणून हे थोडे सविस्तर सांगतो.

प्रत्येक जोडणीला बाहेरच्या जगात स्वतःचा वेगळा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळखक्रमांक, असतो. तुमचा संगणक एखाद्या सर्व्हरशी बोलू लागतो, तेव्हा तो सर्व्हर त्या संवादाला तुमच्या पत्त्यावरून ओळखतो. निम्मा संवाद एका पत्त्यावरून आणि उरलेला निम्मा दुसऱ्या पत्त्यावरून आला, तर सर्व्हरच्या दृष्टीने तो अनोळखी माणसाने मध्येच केलेला हस्तक्षेप ठरतो आणि तो तुकडा नाकारला जातो. त्यामुळे राऊटर एकदा सुरू झालेला संवाद शेवटपर्यंत एकाच जोडणीवर ठेवतो आणि वाटणी करतो ती निरनिराळ्या संवादांची. डेक्कनहून नारायण पेठेत जायला लकडी पूल आहे आणि भिडे पूलही आहे. दोन पुलांमुळे गाड्या जास्त जातात, पण कोणतीही एक गाडी एका वेळी एकाच पुलावरून जाते.

१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाईट. एका मोठ्या फाईलला यापेक्षा अधिक वेग मिळणार नाही. परंतु पंधरा जण एकाच वेळी काम करत असताना त्यांचे शेकडो संवाद दोन्ही जोडण्यांवर विभागले जातात आणि कोणालाच अडखळल्यासारखे वाटत नाही. एकच फाईल अनेक तुकड्यांत एकाच वेळी उतरवणारी सॉफ्टवेअरे मात्र दोन्ही जोडण्या वापरू शकतात. वेगाची चाचणी घेणाऱ्या काही संकेतस्थळांवर म्हणूनच कधी कधी दोनशेचा आकडा दिसतो. तो खोटा नसतो, पण तुमच्या रोजच्या कामाचे चित्रही दाखवत नाही.

मग लोड बॅलन्सिंग निवडावे की फेलओव्हर?

फेलओव्हरमध्ये सर्व वाहतूक मुख्य जोडणीवरून चालते आणि ती बंद पडली की दुसरीवर जाते. खडकवासल्यातून पाणी सोडले आणि भिडे पूल बुडाला की सगळे लकडी पुलाकडे वळतात, तसेच. लोड बॅलन्सिंगमध्ये दोन्ही जोडण्या सतत वापरात राहतात.

दहाच्या आत माणसे असतील आणि एक जोडणी दुसरीपेक्षा बरीच वेगवान असेल, तर मी फेलओव्हरच सुचवतो, कारण त्यात बिघाड शोधणे सोपे जाते. दोन्ही जोडण्या तुल्यबळ असतील आणि कामाच्या वेळी वेग खरोखर कमी पडत असेल, तेव्हाच वाटणी करावी. तीही जोडण्यांच्या क्षमतेच्या प्रमाणात, म्हणजे २०० आणि ५० एमबीपीएस असतील तर चारास एक अशी. बऱ्याच राऊटरांवर दोन्ही जोडण्यांचा वेग स्वतःच्या हाताने भरावा लागतो. तो रकाना तसाच सोडला, तर दोन्ही जोडण्या सारख्याच समजल्या जातात आणि हळू जोडणीवर गेलेले लोक तक्रार करत राहतात.

दोन जोडण्या लावल्यापासून बँकेच्या संकेतस्थळावरून मध्येच बाहेर फेकले जाते. असे का होते?

बँक सुरक्षेसाठी तुमचा आयपी पत्ता लक्षात ठेवते. लॉगिन एका जोडणीवरून झाले आणि पुढचे पान दुसरीवरून मागवले गेले, तर मधल्या कोणीतरी ओळख चोरली असावी, असे समजून ती सत्र बंद करते. काही सरकारी पोर्टलांवरही हाच अनुभव येतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे, एका संगणकाची एका संकेतस्थळाशी चाललेली सर्व बोलणी एकाच जोडणीवर बांधून ठेवण्याची सोय राऊटरमध्ये सुरू करणे. दुसरा उपाय मला अधिक भरवशाचा वाटतो: हिशेब विभागाच्या संगणकांना कार्यालयाच्या आतले ठरावीक आयपी पत्ते द्यावेत आणि त्यांची सर्व वाहतूक मुख्य जोडणीवरूनच जाईल, ती बंद असेल तेव्हाच दुसरीवर जाईल, असा नियम लिहावा. कार्यालयातील एक-दोन संगणकांपुरता हा नियम केला की बाकीच्यांची वाटणी निर्धास्तपणे चालू ठेवता येते.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या, म्हणजे काम झाले ना?

नाही, आणि हे उत्तर प्रत्येकाने नीट वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नारायण पेठेतील एका छापखान्यात मी स्वतः दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर जोडण्या एकत्र करून दिल्या होत्या. राऊटर उत्तम होता, चाचणीही झाली होती. जुलैतल्या एका रात्री गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झाडाची फांदी पडली आणि सकाळी दोन्ही जोडण्या बंद होत्या. गच्चीवर जाऊन पाहिले तेव्हा लक्षात आले, की दोन्ही काळ्या तारा एकाच खांबावरून, एकाच प्लास्टिकच्या पट्टीने बांधून आल्या होत्या आणि एकाच फांदीखाली तुटल्या होत्या. दोन दिवस छापखान्याला फाईली पेन ड्राइव्हवर आणाव्या लागल्या. ती चूक माझी होती, कारण काम हाती घेताना मी गच्चीवर गेलो नव्हतो. तेव्हापासून कोणत्याही ठिकाणी राऊटरची पेटी उघडण्याआधी मी तारेचा माग काढतो.

तुम्हीही तो काढू शकता. तार खिडकीतून बाहेर कोठे जाते, गच्चीवर कोणत्या डब्यात शिरते, तेथून रस्त्याच्या कोणत्या बाजूच्या खांबावर जाते, हे डोळ्यांनी पाहावे. नवी जोडणी द्यायला आलेल्या लाईनमनला त्याची तार कोणत्या चौकातून येते, असे सरळ विचारावे. ही माणसे बहुधा मोकळेपणाने सांगतात. अनेक इमारतींत आणि गल्ल्यांत शेवटच्या टप्प्याचे काम एकच स्थानिक केबलवाला दोन-दोन कंपन्यांसाठी करतो. तेव्हा बिलावरचे नाव वेगळे असले, तरी वाट एकच असते. पावसाळ्याच्या तोंडावर रस्ता खोदला गेला, की जमिनीखालील एकाच चरातून जाणाऱ्या साऱ्या वाहिन्या एकाच फटक्यात जातात.

म्हणून शक्य असेल तेथे एक जोडणी तारेची आणि दुसरी बिनतारी घ्यावी. जिओने १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, देशातील आठ शहरांत एअरफायबर सुरू केले, त्यात पुणे होते. गच्चीवर किंवा गॅलरीबाहेर बसवलेले छोटे उपकरण मोबाइलच्या मनोऱ्याकडून इंटरनेट घेते, त्यामुळे गल्लीतील खांबाशी त्याचा संबंध येत नाही. मात्र त्याच्या मर्यादा ध्यानात घ्याव्यात. संध्याकाळी मनोऱ्यावरील भार वाढला की वेग उतरतो. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत लक्ष्मी रस्त्याच्या परिसरात गर्दीमुळे मोबाइलचे जाळे तुंबते, हा तर पेठेतील प्रत्येकाचा अनुभव आहे. बिनतारी जोडणी मुख्य म्हणून नव्हे, तर पर्यायी म्हणून घ्यावी, असे माझे मत आहे.

यासाठी कोणते उपकरण लागते? दोन्ही राऊटर एकाच स्विचला जोडले तर चालणार नाही का?

चालणार नाही. घरगुती राऊटर कंपनीकडून येतानाच संगणकांना पत्ते वाटण्याचे काम करत असतो. असे दोन राऊटर एका स्विचला, म्हणजे कार्यालयातील साऱ्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीला, लावले, की दोघेही पत्ते वाटू लागतात आणि कोणता संगणक कोणाकडे जाईल याचा नेम राहत नाही. शिवाय दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असण्याची शक्यता मोठी असते. एका पत्त्यावर दोन उपकरणे बसली, की कधी छपाईयंत्र सापडत नाही, तर कधी सगळेच थांबते.

बाजारात ज्याला ड्युअल वॅन राऊटर म्हणतात, म्हणजे बाहेरच्या दोन जोडण्यांसाठी दोन वॅन पोर्ट असलेला, तो घ्यावा. टीपी-लिंकचा ईआर६०५ किंवा मायक्रोटिकचा हेक्स अशी उपकरणे साधारण दहा हजार रुपयांच्या आत येतात आणि वीस-पंचवीस माणसांच्या कार्यालयाला पुरतात. मायक्रोटिकमध्ये हवे ते करता येते, पण त्याची मांडणी जाणकारानेच करावी. टीपी-लिंकचे पडदे मालकालाही समजतात. जुना संगणक पडून असेल आणि सांभाळणारा माणूस हाताशी असेल, तर त्यावर पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स ही संगणकाचा राऊटर करणारी प्रणाली बसवता येते.

दोन्ही इंटरनेट कंपन्यांनी बसवलेल्या पेट्या या राऊटरच्या दोन वॅन पोर्टना जोडायच्या आणि स्विच, वायफाय वगैरे सारे राऊटरच्या मागे न्यायचे. जोडण्यापूर्वी दोन्ही पेट्यांचे आणि राऊटरच्या आतल्या बाजूचे पत्ते वेगवेगळे करावेत, उदाहरणार्थ १९२.१६८.११, १९२.१६८.१२ आणि आत १९२.१६८.५० या मालिका. कंपनी तयार असेल तर तिची पेटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावी, म्हणजे ती राऊटरचे काम न करता फक्त जोडणी पुढे देते, आणि पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याचे, नाव व पासवर्ड आपल्या राऊटरमध्ये भरावे. कंपनीच्या पेटीचे वायफाय बंद करायला विसरू नये, नाहीतर कोणीतरी त्यावरच बसून राहतो आणि लाईन गेली की दुसऱ्या जोडणीचा त्याला उपयोग होत नाही.

मुख्य लाईन बंद पडली तरी राऊटर दुसऱ्या जोडणीवर जात नाही. दोष कशात आहे?

बहुतेक वेळा दोष तपासणीच्या पद्धतीत असतो. तार तुटते ती रस्त्यावर. तुमचा राऊटर आणि कंपनीची पेटी यांच्यातील दीड फुटांची केबल मात्र शाबूत असते आणि तिचा हिरवा दिवा लागलेलाच असतो. राऊटर फक्त तो दिवा पाहत असेल, तर त्याच्या मते सर्व आलबेल असते.

म्हणून राऊटरला बाहेरचा एखादा पत्ता ठरावीक काळाने पिंग करायला, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहायला, सांगावे लागते. गूगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हे यासाठी सोयीचे आहेत. एकाच पत्त्यावर विसंबू नये. दोन्हींकडून उत्तर न आल्यासच जोडणी मृत समजावी. पाच सेकंदांच्या अंतराने सलग तीन वेळा उत्तर आले नाही की बदल करायचा, हे प्रमाण मला बऱ्याच ठिकाणी योग्य वाटले. उलट दिशेने मात्र घाई करू नये. लाईन दुरुस्त होताना ती दहा वेळा येते आणि जाते. म्हणून सलग दोन-तीन मिनिटे ती स्थिर राहिल्यावरच वाहतूक तिच्यावर परत आणावी.

नावांवरून पत्ते शोधून देणारा डीएनएस सर्व्हर हे दुसरे लपलेले कारण असते. राऊटरमध्ये एखाद्या कंपनीचा स्वतःचा डीएनएस भरलेला असेल, तर तो दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यातून विचारलेल्या प्रश्नाला बहुधा उत्तर देत नाही. जोडणी बदललेली असते, पिंगही जात असतो, तरीही एकही संकेतस्थळ उघडत नाही. वर सांगितलेले दोन सार्वजनिक पत्तेच डीएनएससाठी वापरले, तर ही अडचण येत नाही.

घरून टॅली किंवा सीसीटीव्ही पाहण्यासाठी स्टॅटिक आयपी लागतो का? तो दोन्ही जोडण्यांवर घ्यावा का?

प्रथम तुम्हाला सार्वजनिक पत्ता मिळतो आहे का, ते पाहावे. राऊटरच्या वॅन पोर्टवरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे आणि बाहेरून थेट तुमच्यापर्यंत पोहोचता येणार नाही. बिनतारी जोडण्यांवर हे सर्रास आढळते.

स्टॅटिक आयपी, म्हणजे कधीही न बदलणारा सार्वजनिक पत्ता, मुख्य जोडणीवर घेतला, तरी ती बंद पडल्यावर तो पत्ताही बंद पडतो, कारण पत्ता त्या कंपनीचा असतो आणि तो दुसऱ्या कंपनीच्या तारेवर नेता येत नाही. त्यामुळे कार्यालयाच्या राऊटरने बाहेरच्या एखाद्या भाड्याच्या सर्व्हरशी स्वतःहून वायरगार्ड या व्हीपीएन प्रणालीचा बोगदा, म्हणजे सुरक्षित खासगी वाट, उघडून ठेवावा आणि घरच्या संगणकानेही त्याच सर्व्हरमार्फत आत यावे, ही रचना मला सर्वांत टिकाऊ वाटते. कोणतीही जोडणी चालू असली तरी बोगदा पुन्हा उभा राहतो. सीसीटीव्हीची पेटी किंवा रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचा, ३३८९ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवणे मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

दोन जोडण्या खऱ्या अर्थाने जोडून एकच मोठी जोडणी करता येत नाही का?

येते, तिला बाँडिंग म्हणतात. त्यासाठी दोन्ही टोकांना जाणकार यंत्र लागते: एक तुमच्या कार्यालयात आणि दुसरे एखाद्या डेटा सेंटरमध्ये, जे दोन्ही वाटांनी आलेले तुकडे जुळवून पुढे पाठवते. पेपलिंकची उपकरणे हे काम करतात. ओपनएमपीटीसीपीराऊटर ही मुक्त प्रणालीही आहे. त्या सर्व्हरचे भाडे दरमहा द्यावे लागते, आणि दोन वाटांच्या वेळेत मोठा फरक असेल तर वेगवान जोडणीलाही हळू जोडणीसाठी थांबावे लागते. संगीत सभेचे किंवा लग्नाचे थेट प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी हा खर्च योग्य आहे, कारण त्यांना एक क्षणही खंड चालत नाही. हिशेब, ईमेल आणि बिले एवढेच काम असलेल्या कार्यालयाने या वाटेला जाऊ नये.

वीज गेल्यावर काय होते?

औद्योगिक वसाहतीत गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहण्याचे प्रसंग येतात. त्या वेळी दोन्ही जोडण्यांच्या पेट्या, राऊटर आणि स्विच या चारही उपकरणांना यूपीएस हवा. राऊटर किंवा स्विच सुटला तर बाकीच्यांचा उपयोग नाही. फायबरच्या पेट्या बहुधा १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटे डीसी यूपीएस तपकीर गल्लीत सहज मिळतात. घेण्यापूर्वी ॲडाप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे टिपून न्यावेत.

दुसऱ्या जोडणीच्या बिलाबाबत काय काळजी घ्यावी?

जोडणी व्यवसायाच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावी, म्हणजे नियमित करदात्याला बिलावरील १८ टक्के कराचे क्रेडिट घेता येते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे रिचार्जची तारीख. जी जोडणी रोज वापरात नसते, तिची मुदत संपल्याचे कोणाच्याही लक्षात येत नाही. मुख्य लाईन ज्या दिवशी जाते, त्याच दिवशी दुसरी तीन आठवड्यांपासून बंद असल्याचे कळते. हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे, की आता मुदतीचा संदेश मालकाच्या फोनवर न जाता रोज कार्यालय उघडणाऱ्या माणसाच्या फोनवर जाईल, अशी व्यवस्था आधी करून घेतो.

सर्व नीट चालते आहे, हे कसे तपासावे?

महिन्यातून एकदा, काम सुरू होण्यापूर्वी, मुख्य जोडणी मुद्दाम तोडून पाहावी. राऊटरकडे जाणारी केबल काढू नये, कारण मग दिवाच विझतो आणि ती चाचणी फार सोपी ठरते. कंपनीच्या पेटीतून फायबरची हिरवी पिन अलगद काढावी, तिच्या टोकाला बोट लावू नये, त्यात डोकावून पाहू नये आणि लगेच तिच्यावर टोपण बसवावे. मग घड्याळ लावून किती सेकंदांत संकेतस्थळ उघडते ते पाहावे, एक छापील पान काढावे, टॅली उघडावे, फोनवरून कॅमेरे पाहावेत. त्यानंतर पिन परत लावून वाहतूक मुख्य जोडणीवर परतते का, तेही पाहावे. ही दुसरी अर्धी तपासणी बहुतेक जण करत नाहीत.

दोन्ही जोडण्यांचे ग्राहक क्रमांक, तक्रारीचे फोन क्रमांक, रिचार्जच्या तारखा आणि कोणती तार कोणत्या पोर्टमध्ये जाते हे एका कागदावर मराठीत लिहून तो ही उपकरणे ठेवलेल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा. तारांनाही रंगीत पट्ट्या लावाव्यात, म्हणजे तुम्ही बाहेरगावी असाल तेव्हा कार्यालयातील कोणालाही फोनवरून "लाल पट्टीची तार पाहा" एवढेच सांगून काम भागते.